एक, तीन, चार, दोन

जुन्या वाहनांच्या संग्रहालयाचे साहेब रविवारी सकाळी पावणेदहाला आले, ते ट्रेलर घेऊनच. ट्रेलरवर मनगटाएवढ्या जाड दोरांची दोन वेटोळी पडली होती. नातीने ती शेडच्या दारातून पाहिली आणि तिचं डोकंच फिरलं. ठरलं होतं ते एवढंच, की आजोबांची जुनी गाडी सुरू होते का ते बघायचं. मग दोर कशाला आणले? तिने तसं तोंडावर विचारलंही. साहेब माणूस सभ्य. ते म्हणाले, की फोनवर सगळेच मालक गाडी ठणठणीत आहे म्हणून सांगतात, आणि दहातल्या नऊ गाड्या शेवटी बांधूनच न्याव्या लागतात.

बांधून नेलेली गाडी गोदामात जायची, तिथे आधीच्या साठ-सत्तर गाड्यांच्या मागे धूळ खात पडायची. स्वतःच्या चाकांवर आलेली गाडी नव्या दालनात उभी राहायची. दालनात एकच जागा शिल्लक होती. आजोबांनी संग्रहालयाला त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात पत्र लिहून कळवलं होतं, की माझ्यामागे गाडी तुमची, आणि ती चालत येईल. त्यानंतर दोन महिन्यांनी आजोबा गेले. त्यालाही आता तीन महिने झाले होते. माणूस गेला, शब्द मागे राहिला, आणि तो पाळण्याचं काम नातीच्या गळ्यात आलं. सकाळी साडेआठपासून ती झटत होती आणि गाडी हूं की चूं करत नव्हती.

आता हे आजोबा कोण, ते सांगायला हवं.

आजोबा चाळीस वर्षं एकाच शाळेत गणित शिकवत होते. अख्खी गल्ली त्यांना सर म्हणायची. पोस्टमन सर म्हणायचा, इस्त्रीवाला सर म्हणायचा, एवढंच काय, सख्खा मुलगाही कधीकधी घरात चुकून सर म्हणून जायचा. पाचवी ते आठवी तो त्यांच्याच वर्गात होता, आणि वर्गात बाबा म्हटलं की बाकावर उभं राहावं लागे. उंची बेताची, पाठ सरळ, आवाज असा की शेवटच्या बाकावर पेंगणारा पहिला जागा व्हायचा. शर्टाच्या खिशात एक खडू आणि एक लाल पेन्सिल. निवृत्त झाल्यावरही या दोन वस्तू खिशातून हलल्या नाहीत. दूधवाल्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीवरसुद्धा ते लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायचे.

गाडी त्यांच्या आयुष्यात आली ती कोंबड्यांसकट. ती होती एका म्हाताऱ्या डॉक्टरांची. पेशंट बघायला ते तिच्यातून फिरत. डॉक्टर गेले आणि गाडी अंगणात उभी राहिली, ती वीस वर्षं. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. डॉक्टरीणबाई एकदा सरांना म्हणाल्या, हे धूड इथून कोणी उचलून नेईल तर मी हात जोडीन. सर म्हणाले, मी नेतो. बाईंना वाटलं मास्तर थट्टा करताहेत.

गाडी आणली ती अशीच ट्रेलरवर घालून, दोरांनी करकचून बांधून, भर बाजारातून. पोरं मागून ओरडत होती, दुकानदार पायरीवर येऊन हसत होते. सरांना स्वतःचं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते गाडीचं. पुढे नातीला सांगताना ते म्हणायचे, की एखाद्या म्हाताऱ्या माणसाला हातपाय बांधून रस्त्यातून न्यावं तसं मला झालं. घरी उतरवल्यावर त्यांनी दोर सोडले आणि गाडीच्या टपावर हात ठेवून सांगितलं, की आलीस तशी जाणार नाहीस. घरच्यांनी कपाळाला हात लावला.

पान्हा कुठल्या बाजूने धरायचा हे सरांना तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी त्यांना येत होतं तेच केलं. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी त्याचं आलेखाच्या वहीत मापानुसार चित्र काढलं. कुठून निघाला, किती आटे, कुठल्या बाजूला झिजलाय. अशा तेवीस वह्या झाल्या. न मिळणारे भाग त्यांनी लेथवाल्याच्या शेजारी स्टुलावर बसून, चित्र दाखवून करून घेतले. कार्ब्युरेटरमधला पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट तर एका पितळी डबीच्या पत्र्यातून त्यांनी स्वतः झाळला. शाळा करून, पेपर तपासून, संसार सांभाळून हे चाललं होतं, आणि चाललं किती दिवस म्हणाल, तर अकरा वर्षं. अकरा वर्षं एक माणूस रोज संध्याकाळी शेडमध्ये जातो, आणि रोज गाडी सुरू न होताच हात धुऊन जेवायला येतो, आणि एकदाही चिडचिड करत नाही. नात याचा विचार करायची तेव्हा तिला आजही थक्क व्हायला होई. तिला स्वतःला लिफ्ट दोन मिनिटं उशिरा आली तरी राग यायचा.

अकराव्या वर्षी एका मंगळवारी गाडी खोकली, शिंकली आणि सुरू झाली. सर तिच्यातून शाळेत गेले, फळ्यावर तारीख घातली आणि खाली लिहिलं: अकरा वर्षं, दोनशे सात चुका. मग पुढचं गणित शिकवायला घेतलं.

गाडीच्या चुकांचा हा आकडा अंदाजाचा नव्हता. सरांकडे एक वही असायची, चुकांची. तिच्यात दुसऱ्या कोणाच्या चुका नसत, स्वतःच्याच असत. रोज एक. पान उघडून ते लिहायचे ‘आजची चूक’, आणि पुढे काय ते. शाळेतली असेल तर दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून वाचून दाखवायचे: काल मी फळ्यावर तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकवलं, ते कोणाच्याच लक्षात आलं नाही, म्हणजे तुम्ही गणित बघत नव्हता, माझं तोंड बघत होता. चूक सापडली नाही असा दिवसही असायचा. अशा दिवशी ते ‘नाही’ असं लिहीत नसत. ‘सापडली नाही’ असं लिहीत. नातीने लहानपणी विचारलं होतं की दोन्हींत फरक काय. आजोबा म्हणाले होते, की पहिल्यात मी शहाणा ठरतो आणि दुसऱ्यात मी फक्त दमलेला.

या वहीतली सगळ्यात मोठी चूक होती मिस्त्रीकाकांच्या बाबतीतली. मिस्त्रीकाका म्हणजे नाक्यावरच्या गॅरेजचे मालक. शाळेत असताना सरांनी त्यांना गणितात नापास केलं. घरची परिस्थिती बेताचीच, वडिलांनी शाळा सोडवली आणि गॅरेजमध्ये घातलं. तीन वर्षांनी जुने पेपर रद्दीत देण्याआधी सर सहज चाळत होते, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की या पोराच्या गुणांची बेरीज चुकली आहे. एक सबंध पान मोजायचं राहिलं होतं. पोरगा पास होता.

दुसऱ्या सकाळी सर गॅरेजवर गेले. तेव्हा तिथे चार गिऱ्हाईकं होती, मालक होता, आणि पोरगा जीपखाली आडवा होता. सर त्याला बाहेर यायला सांगतील तर ना. ते स्वतः खाली जमिनीवर बसले, जीपखाली डोकं घातलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की तू नापास नव्हतास, मी नापास होतो. मग पुढची दोन वर्षं रोज सकाळी शाळेआधी तासभर त्याला शिकवून त्यांनी त्याला परीक्षेला बसवलं. मिस्त्रीकाकांनी ही गोष्ट आजोबा गेले त्या दिवशी अंगणात उभं राहून सगळ्यांना सांगितली. ते म्हणाले, की त्याआधी आणि त्यानंतर कोणी मोठ्या माणसाने माझ्याकडे येऊन माझं चुकलं असं म्हटलेलं नाही.

नातीला आजोबा मॉनिटर म्हणायचे. ती सहा वर्षांची असल्यापासून दर रविवारी तिची परीक्षा व्हायची. आजोबा मुद्दाम गाडीत एक बिघाड करून ठेवायचे आणि तिने तो शोधायचा. कधी पेट्रोलचा नळ बंद, कधी एखादी तार सुटलेली. बिघाड केला असेल तिथे आडबाजूला खडूची बारीक फुली असायची. केलेला बिघाड कुठला आणि झालेला कुठला हे कळावं म्हणून. बिघाड सापडला की नऊ गुण, गाडी सुरू झाली की दहावा.

आठ वर्षांची असताना मॉनिटरने शक्कल लढवली. बिघाड शोधत बसण्यापेक्षा टॉर्च घेऊन फुलीच शोधायची. तीन रविवार पाच मिनिटांत नऊ गुण खिशात. चौथ्या रविवारी बॉनेट उघडलं, तर आत एकूण एक भागावर फुली. नळीवर फुली, पंख्यावर फुली, हॉर्नवरसुद्धा दोन. आजोबा शेडच्या दारात चहा पीत उभे होते, चेहरा अगदी साळसूद. ती हिरमुसली, रडली, मग हसली, आणि दुपारपर्यंत खपून तिने बिघाड शोधला. वेणी घालताना, जिना चढताना ती ‘एक, तीन, चार, दोन’ असं पुटपुटत राहायची. या गाडीच्या चार सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा तो क्रम, आजोबांनी पाढ्यांच्या आधी पाठ करून घेतलेला. मोठी होऊन ती दातांची डॉक्टर झाली, दुसऱ्या गावी गेली. पण कुठलाही दुखरा दात शोधताना तिला आतून वाटायचं की कुठेतरी फुली असेल.

तर त्या रविवारी साडेआठपासून ती फुलीच शोधत होती. हवा आणि पेट्रोल मिस्त्रीकाकांनी आदल्या दिवशी भरून ठेवलं होतं, बॉनेटला मात्र त्यांनी हात लावला नव्हता. सर असताना मी कधी लावला नाही, म्हणाले, आता काय लावू. ते गाडीच्या नाकात घातलेलं हँडल मारत होते आणि इंजिन मुक्यासारखं नुसतंच फिरत होतं. ठिणगीच नव्हती. बाबा, म्हणजे सरांचा मुलगा, बाजूला खुर्ची टाकून बसले होते. त्यांचं या गाडीशी लहानपणापासून वाकडं. त्यांच्या दहाव्या वाढदिवसाला घरात नवी वस्तू आली, ती गाडीचे टायर, हे ते अजून विसरले नव्हते. तरी आज त्यांनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

साहेब घड्याळ बघत होते. नातीने पर्समधून दाताचा आरसा काढला, दांडीला लावलेला तो बारका गोल आरसा, आणि तो इंजिनामागे सरकवला. ठिणगी वाटून देणाऱ्या वाटीएवढ्या डबीच्या मागच्या अंगाला, आरशात, खडूची फुली दिसली.

म्हणजे आजोबांनी जाण्याआधी शेवटची परीक्षा मांडून ठेवली होती. तिने डबीचं झाकण काढलं. आत ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या दोन टिकल्यांच्या मध्ये कागदाची एक चिंचोळी चिठ्ठी होती. चिमट्याने तिने ती ओढून काढली. चिठ्ठीवर लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: ९.

तिला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. बाबा उठून आले, चिठ्ठी हातात घेतली आणि परत दिली नाही. मिस्त्रीकाकांनी डोळे पुसले, झाकण बसवलं, हँडल धरलं. आता सगळ्यांना खात्रीच होती. साहेबांनीही पेन उघडलं.

हँडल फिरलं आणि इंजिनाने ठो केलं. कार्ब्युरेटरमधून धुराचा भपका आला आणि सगळं गप्प. पुन्हा मारलं, पुन्हा ठो. दहा वेळा मारलं. इंजिन दोन ठेके धरायचं, फुरफुरायचं आणि फटाका फोडून थांबायचं. साहेबांबरोबर आलेली दोन माणसं ट्रेलरकडे गेली आणि दोरांचं वेटोळं उतरवायला लागली. त्यांचंही काही चुकत नव्हतं, साडेदहा वाजून गेले होते.

नातीने पुन्हा आरसा फिरवला. दुसरी फुली असणारच. नळाखाली बघितली, पंपामागे बघितली, कार्ब्युरेटर उघडून त्याच्या पोटात बघितली. फुली नव्हती. बाबा हळूच म्हणाले की जाऊ दे, खूप केलंस. तिला ते ऐकवेना. दोर जमिनीवर पडल्याचा आवाज आला तेव्हा तिने वळून मिस्त्रीकाकांकडे पाहिलं. ते आपल्या चपलांकडे बघत उभे होते. पस्तीस वर्षं इंजिनांचे आवाज ऐकलेला माणूस, दहा फटाके झाले तरी त्याने एका शब्दाने सल्ला दिला नव्हता.

“काका,” ती म्हणाली, “खरं सांगा. तुम्हाला काय वाटतंय?”

“मला वाटून काय उपयोग,” ते खालीच बघत म्हणाले. “तारा सरांनी स्वतः लावल्यात.”

नात तिथेच थबकली. कारण तिनेही सकाळपासून सगळं तपासलं होतं, तारा सोडून. डबीतून निघून चार सिलिंडरांकडे जाणाऱ्या चार तारा तिच्या नाकासमोर होत्या, आजोबांनी सुती दोऱ्याने नीट बांधलेल्या, आणि तिने त्यांच्यावरून नुसता मायेने हात फिरवला होता. फटाका म्हणजे ठिणगी चुकीच्या वेळी पडते आहे, हे तिला आठव्या वर्षी कळत होतं. आज कळलं नाही, कारण कळून घ्यायचं नव्हतं. एक, तीन, चार, दोन हा क्रम ज्यांनी आपल्याला शिकवला, त्यांच्या हातून तो चुकेल हे मनातसुद्धा आणणं तिला पाप वाटत होतं. मिस्त्रीकाकांनाही तेच वाटत होतं, आणि त्यांना तर पहिल्या फटाक्यालाच समजलं होतं.

“काका, सर तुमच्या गॅरेजवर कशासाठी आले होते?”

मिस्त्रीकाकांनी चपलांवरून नजर उचलली. मग म्हणाले, “चूक सांगायला.” आणि त्यांनी खिशातून पकड काढून तिच्या हातात दिली.

तिने दोरा कापला. बोटाने एकेक तार डबीपासून सिलिंडरापर्यंत नेली. एक. दोन. चार. तीन. दुसरी आणि तिसरी तार एकमेकींच्या जागी होत्या. शेवटच्या महिन्यांत आजोबांचा हात थरथरायचा, एका डोळ्यासमोर ढग यायचा. घरच्यांना ते सांगत नव्हते, पण चहाची बशी सांगायची. तारा पुसून बसवताना कुठेतरी बोट घसरलं असेल. एरवी गाडी सुरू करून बघितली असती आणि चूक तिथल्या तिथे धरली असती. पण मॉनिटरची चिठ्ठी आधीच आत ठेवली होती, म्हणून सुरू करून बघितलीच नाही.

तिने दोन तारा बदलल्या. मिस्त्रीकाकांनी हँडलला अर्धाच वळसा दिला आणि गाडी सुरू झाली. फटाका नाही, खोकला नाही. चारही सिलिंडर असे एका लयीत बोलायला लागले की शेडच्या पत्र्याला बारीक कंप सुटला. बाबा गाडीचं दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसले, आणि बसले ते अगदी दहा वर्षांच्या मुलासारखे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. साहेबांनी आपल्या माणसांना हाताने खूण केली. दोर परत ट्रेलरवर गेले.

गाडी नातीने चालवली. शेजारी साहेब, मागे बाबा, आणि सगळ्यात शेवटी रिकामा ट्रेलर, त्याच्यावर दोरांशेजारी मिस्त्रीकाका उभे. ज्या बाजारातून ती एकदा बांधून आणली होती, त्याच बाजारातून ती आता आपल्या पायांनी निघाली. दुकानदार पायरीवर आले, यावेळी हसले नाहीत. इस्त्रीवाल्याने हातातली इस्त्री उभी करून ठेवली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

दालनातल्या त्या एका जागेवर गाडी उभी करून तिने इंजिन बंद केलं. साहेब म्हणाले, की गाडीचे काही जुने कागद असतील तर तेही द्या. दाराच्या कप्प्यात चुकांची वही होती. आजोबा गेल्यापासून तिने ती उघडली नव्हती, धीर झाला नव्हता. आता तिने शेवटचं लिहिलेलं पान काढलं. अक्षर वाकडं झालं होतं, रेघ सोडून खाली उतरत होतं. लिहिलं होतं: ‘तारा पुसून बसवल्या. मॉनिटरसाठी चिठ्ठी ठेवली. आजची चूक: सापडली नाही.’

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही. त्या थरथरत्या हाताने ‘नाही’ एवढंच लिहिलं असतं तरी कोणी काही म्हणणार नव्हतं. तिने साहेबांकडे दोन मिनिटं मागितली. वहीला दोऱ्याने लटकवलेली लाल पेन्सिल घेतली, आणि आजोबांच्या ओळीखाली, त्यांनी गिरवून घेतलं होतं तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘सापडली. दुसरी आणि तिसरी तार. — मॉनिटर.’

मग तिने वही साहेबांच्या हातात दिली.